वस्तीच्या मधोमध शाळा: डिझाईनची सुरुवात कुठून करायची?

पेन्सिलचोर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय निवासी वस्तीतली आधुनिक शाळा, इमारत आणि आवार दोन्ही. प्लॉट साधारण १२,००० चौरस मीटर, जवळजवळ चौकोनी, तीन बाजूंना तीन-चार मजली घरं आणि एका बाजूला १२ मीटरचा रस्ता. ६ ते १४ वयाची ५४० मुलं, १८ वर्ग, शिवाय लायब्ररी, हॉल, लॅब वगैरे नेहमीचं.

पहिला आराखडा केला त्यात मधोमध दोन मजली उंच काचेचं अ‍ॅट्रियम (म्हणजे वरपर्यंत उघडा हॉल), भोवती वर्ग, दर्शनी बाजूला काचेची लांबलचक भिंत, रस्त्यालगत पार्किंग आणि ड्रॉप-ऑफ (गाडीतून मुलांना सोडायची जागा), मागे मैदान. मला तरी बरं वाटत होतं. रिव्ह्यूला सरांनी दोन मिनिटं शीट बघितलं आणि विचारलं, यातली मुलं काढून तिथे कॉम्प्युटर आणि खुर्च्या मांडल्या तर काय काय बदलावं लागेल? मी गप्प. कारण काहीच बदलावं लागलं नसतं, फक्त बोर्डवरचं नाव.

तर प्रश्न असा की आधुनिक शाळा म्हणजे नक्की काय धरायचं? मॉडर्न *दिसायला* काय करायचं ते नेटवर ढिगाने मिळतं, रंगीत पॅनेलं, गोल खिडक्या, सगळं. पण डिझाईन सुरू कुठून करायचं, वर्गापासून, मैदानापासून की आणखी कुठून? कुणी शाळा बांधल्या असतील, शिकवलं असेल, नुसतं शेजारी राहिला असाल तरी सांगा.

---

तिसरामजला

सरांना माझा नमस्कार सांग, प्रश्न जबरी विचारलाय. (अरेतुरे करतोय, चालेल ना? वयाने बराच मोठा आहे.)

शाळा चार केल्यात आतापर्यंत आणि त्यातल्या पहिलीची मला आज लाज वाटते. का, तर गेट. इमारत झाल्यावर उरलेल्या जागेत गेट बसवलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी शाळा सुटताना बघायला गेलो आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाऊण तास नुसता हॉर्न ऐकत होतो. तेव्हापासून सुरुवात गेटपासून.

तुझा ड्रॉप-ऑफ घे आणि कॅल्क्युलेटर काढ. ५४० पैकी १५० मुलं गाडीने येतात असं धर, आणि सगळ्या गाड्या १५ मिनिटांत येतात. म्हणजे मिनिटाला १०. एक गाडी थांबून दार उघडून दप्तर खाली येऊन परत निघेपर्यंत एक मिनिट जातंच, म्हणजे कुठल्याही क्षणी १० गाड्या उभ्या, गाडीला ६ मीटर धरले तर ६० मीटर. तुझ्या प्लॉटची रस्त्याची बाजू ११० मीटरच्या आसपास येईल, त्यातली निम्म्याहून जास्त गेली. पण हे सकाळचं झालं. दुपारी पालक आधी येऊन थांबतात. प्रत्येकाने १० मिनिटं वाट बघितली तर एकावेळी १०० गाड्या, म्हणजे ६०० मीटर, अख्ख्या प्लॉटला वेढा घालून वर उरतील. तू ड्रॉप-ऑफची गोल वळणं कितीही सुबक काढ, हे गणित तिथे मावत नाही. पार्किंग वाढवलंस तर मैदान जातं आणि गाड्या अजून वाढतात.

मग उलट्या बाजूने विचार कर. वस्तीतली शाळा म्हणजे मुलं चालत येणार. क्लॅरन्स पेरी या अमेरिकन प्लॅनरने १९२९ मधे नेबरहूड युनिटची कल्पना मांडली तिचा गाभाच हा होता, शाळा मधे, मोठे रस्ते कडेने, आणि कुठल्याही घरापासून शाळा साधारण पाव मैल म्हणजे ४०० मीटरच्या आत. त्या कल्पनेवर नंतर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती, पण मुलाने मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावं हा मुद्दा काही जुना झाला नाही. तुझ्या तीन बाजूंना घरं आहेत ना, मग त्या बाजूंना भिंत का? तिथे पायी येणाऱ्यांसाठी छोटी गेटं दे. गाडीवाल्यांना १००-२०० मीटर लांब थांबव, तिथून मूल चालेल. इटलीत बोल्झानोमधे १९८९ पासून शाळा भरायच्या-सुटायच्या वेळेला शाळेसमोरचा रस्ताच गाड्यांना बंद करतात, नंतर ती पद्धत बऱ्याच शहरांनी उचलली. तुझ्या हातात रस्ता नाही हे मान्य, पण गेट कुठे येतं ते आहे.

आणि गेटच्या बाहेरच्या बाजूला, हो बाहेरच, सावली आणि बसायला कट्टा दे. माणसं तिथे वीस-वीस मिनिटं उभी राहतात, त्यांच्या ओळखी तिथेच होतात. शाळेतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी खोली म्हणजे ती, आणि नव्वद टक्के ड्रॉइंगमधे तिथे नुसता बाण आणि "एन्ट्री" लिहिलेलं असतं. (नव्वद टक्के हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय.)

इमारतीबद्दल नंतर लिहितो, साईटवर जायचंय.

---

खडूडस्टर

मी शिकवते, २२ वर्षं झाली. मॉडर्न इमारतीतही शिकवलंय आणि गळक्या खोल्यांतही, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजते.

तुमच्या अ‍ॅट्रियमबद्दल वाचून पोटात गोळा आला. आमच्या एका शाळेची नवी इमारत झाली तेव्हा असंच मधे उंच, काचेचं, वर्गांना सरकत्या पार्टिशनच्या भिंती, उद्घाटनाला सगळे वा वा करत होते. मला तिसरी होती. पहिल्या दोन महिन्यांत माझं ठाम मत झालं की या वर्षीची बॅच कच्ची आहे, कारण श्रुतलेखन दिलं की अर्धा वर्ग "घर"चं "गर" लिहायचा, "खार"चं "कार", "भात"चं "बात". मी पालकांना बोलावून सांगितलंसुद्धा, सराव घ्या म्हणून. मग पार्टिशनचं काहीतरी काम निघालं आणि आम्हाला दहा दिवस लायब्ररीत बसवलं. खाली कार्पेट, चारी बाजूंना पुस्तकांची कपाटं. तीच मुलं, तेच शब्द, चुका एकदम निम्म्याच्या खाली. मुलांना ऐकूच येत नव्हतं हो! आपल्याला मोठ्यांना अर्धा शब्द ऐकला तरी उरलेला डोक्यातून भरता येतो, सात-आठ वर्षांच्या मुलाकडे तेवढा साठाच नसतो. आणि महाप्राणाचा ह कार म्हणजे नुसती हवा, तो गोंगाटात पहिला मरतो. त्या पालकांची माफी मागायची राहिलीच.

नंतर मी याबद्दल वाचलं. वर्गासाठी अमेरिकन स्टँडर्ड आहे त्यात रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या वर नको आणि आवाज घुमायचा वेळ ०.६ सेकंदांच्या आत हवा असं दिलंय, आणि शिक्षकाचा आवाज बाकीच्या आवाजापेक्षा १५ डेसिबल तरी वर राहिला पाहिजे. तुम्ही आर्किटेक्ट लोक हे आकडे आमच्यापेक्षा चांगले समजता, पण ड्रॉइंगमधे कुठे दिसत नाहीत. छताला आवाज शोषणारं काहीतरी, मागच्या भिंतीला सॉफ्ट बोर्ड, आणि दोन वर्गांमधली भिंत स्लॅबपर्यंत नेलेली, फॉल्स सीलिंगपर्यंत नाही. एवढं केलंत तरी मी तुमचे पाय धरीन.

बाकी पटापट सांगते. खिडकी फळ्याच्या समोर किंवा मागे नको, बाजूने हवी, नाहीतर एका बाजूच्या मुलांना फळ्यावर नुसता आकाशाचा पांढरा पट्टा दिसतो. कपाटं द्या, कपाटं, आमच्याकडे तक्ते ठेवायला जागा नव्हती म्हणून ते बाथरूमच्या वरच्या माळ्यावर जायचे.

आणि बाथरूम. हे कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. पॅसेजच्या टोकाला, वळणावर, जिन्याखाली टॉयलेट काढू नका. लहान मुलं तिथे एकटी जायला घाबरतात, मोठी मुलं तिथे त्रास देतात, मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी बघितलंय, बाटली भरलेली परत घरी जाते. हात धुवायचं बेसिन बाहेर उघड्यावर पॅसेजमधे असू द्या, जिथून येणाऱ्या-जाणाऱ्याचं सहज लक्ष राहील, आणि आत फक्त संडास, पूर्ण दार, चांगली कडी. दर दोन-तीन वर्गांना एक छोटा गट द्या, मजल्याला एक मोठा नको.

---

उडाणटप्पू

झाडाखाली वर्ग भरवा. प्रश्न मिटला. आता कोणीतरी आर्किटेक्ट लुई कानचं नाव काढेलच.

---

तिसरामजला

@उडाणटप्पू काढणार नव्हतो, पण शाळेची सुरुवात झाडाखालच्या माणसापासून झाली असं तो म्हणायचा खरा. पुढे त्याने स्वतः मात्र जाड विटांच्या भिंती बांधल्या. ह. घ्या.

@खडूडस्टर १००% सहमत. विशेषतः ते पार्टिशन. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेत बिनभिंतीच्या शाळांची लाट आली होती, मोकळं शिक्षण वगैरे, आणि पुढे आवाजाला कंटाळून त्यातल्या कित्येकांनी आत भिंती घालून घेतल्या.

आता इमारत. पेन्सिलचोर, एकच शाळा नीट बघायची असेल तर क्रो आयलंड बघ, इलिनॉयमधल्या विनेट्काची, १९४० ची. एलिएल आणि ईरो सारिनेन हे बापलेक आणि पर्किन्स, व्हीलर अँड विल. आज फोटो बघशील तर म्हणशील यात काय एवढं, बैठी विटांची इमारत आणि एक घड्याळाचा मनोरा. पण ड्रॉइंग उघड. वर्ग इंग्रजी एल अक्षरासारखा, त्या एलच्या छोट्या हातात कामाची जागा, सिंक आणि वर्गाचं स्वतःचं टॉयलेट (बाई, तुमचा मुद्दा ८० वर्षांपूर्वी सुटलेला आहे), आणि कुशीत वर्गाचं स्वतःचं छोटं अंगण, थेट दार उघडून बाहेर. दिव्याची बटणं आणि दारांच्या मुठी मुलांच्या उंचीला. ऑडिटोरियममधे पुढच्या रांगेतल्या खुर्च्या लहान आणि मागे जाता जाता मोठ्या होत जातात. लॅरी पर्किन्स डिझाईनच्या आधी वर्गांत जाऊन बसायचा, शिक्षकांशी बोलायचा. मुलं काढून ऑफिस घातलं तर काय बदलावं लागेल या प्रश्नाला त्या शाळेचं उत्तर आहे "बटणापासून सगळं".

दुसरी डेल्फ्टची माँटेसरी शाळा, हर्मन हर्ट्झबर्गरची, १९६६ ला झाली. तिथे हॉलच्या मधोमध एक विटांचा चौथरा आहे, हलवता न येणारा. सगळ्यांना वाटतं हा मधे अडथळा, पण मुलं त्यावर बसतात, भोवती पळतात, नाटकाचं स्टेज होतं, आतल्या लाकडी पेट्या बाहेर ओढून मोठा करता येतो. तुझ्या दोन मजली अ‍ॅट्रियमने जे होत नाही ते गुडघाभर उंचीच्या विटांनी होतं. अ‍ॅट्रियममधे मूल काय *करणार* आहे ते मला सांग. वर बघणार, आणि मग?

अवांतर: मुलांच्या उंचीवरून प्लॅन बघायचा असेल तर खरंच गुडघ्यावर चालून बघ. साधारण १.१ मीटरवर डोळे येतात. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, ९० सेंटीमीटरला असेल तर बाकावर बसलेल्या लहान मुलाला बाहेरचं फक्त आभाळ दिसतं. ४५-५० ला आणलीस आणि रुंद केलीस तर तीच बसायची जागा होते, मधल्या सुट्टीत तिथे जागेवरून भांडणं होतील. वरच्या मजल्यावर अर्थातच बाहेरून कठडा किंवा ग्रिल.

---

भिंतीपलीकडे

"नुसतं शेजारी राहिला असाल तरी सांगा" म्हणालात म्हणून लॉगिन केलं. शाळेच्या मागच्या कंपाउंडला लागून घर आहे, दुसरा मजला, सात वर्षं झाली.

पहिलं म्हणजे मुलांच्या आवाजाचा त्रास होत नाही. खरंच नाही. सुट्टीचा कलकलाट सुरू झाला की अकरा वाजले कळतं, घड्याळ बघावं लागत नाही. त्रास होतो तो माईकचा. रोज सकाळी मैदानावर लावलेला कर्णा आमच्या बेडरूमच्या दिशेने, का तर मुलं शाळेकडे तोंड करून उभी राहतात. उलटी उभी केली असती तर कर्णा शाळेकडे तोंड करून राहिला असता. हे मी लिहून दिलं, दोनदा. मग हॉलचे एसीचे बाहेरचे डबे आणि जनरेटर, तेही मागच्या बाजूला, कारण मागची बाजू म्हणजे कोणाचीच नाही असं ड्रॉइंगवर वाटत असावं. ती आमची पुढची बाजू आहे हो.

दुसरं म्हणजे ती भिंत. आठ फूट, आंधळी, आमच्या गल्लीच्या एका बाजूला शंभर मीटर सलग. बांधली तेव्हा सुरक्षितता वगैरे सांगितलं. झालं काय की गल्लीत एका बाजूने बघणारं कोणी उरलं नाही, तिथे कचरा पडायला लागला, मग संध्याकाळी तिथून जायला नको वाटायला लागलं. पूर्वी जाळी होती तेव्हा मुलं दिसायची, माझी आई दुपारी खुर्ची टाकून बघत बसायची, एकदा एक मुलगा पडला तर तिनेच वरून हाक मारून पी.टी.च्या सरांना सांगितलं. आता भिंत आहे त्यामुळे सुरक्षित.

आणि चेंडू. चेंडू येणार, त्याला इलाज नाही. पण मैदानाची लांब बाजू घरांना समांतर ठेवा, गोलपोस्ट घरांकडे नको.

---

पेन्सिलचोर

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून थँक्यू. @खडूडस्टर तुमचं ते "घर-गर" वाचून मी वर्गाचं सेक्शन (उभा छेद) उघडलं, भिंत फॉल्स सीलिंगलाच थांबली होती :( तेवढं केलं नीट.

आता दोन शंका. एक, मुलं मोकळी बागडावीत म्हणून जपानमधलं फुजी किंडरगार्टन हा रेफरन्स मी लावला होता, तिथे तर वर्गांना भिंतीच नाहीत आणि सगळे वाखाणतात, मग ते कसं? दोन, भिंत काढून जाळी, तीन बाजूंनी गेटं, हे पटतंय पण रिव्ह्यूला पहिला प्रश्न येणार सेफ्टीचा. आणि संध्याकाळी मैदान वस्तीला खुलं ठेवायचं म्हटलं तर सगळी शाळाच उघडी पडेल, ते कसं सांभाळतात?

---

खडूडस्टर

फुजीचं उत्तर सोपं आहे, तिथे श्रुतलेखन नसतं :) ती बालवाडी आहे, खेळणं आणि हालचाल. तुमची सहा ते चौदा, त्यांना भागाकार शिकायचाय. एका गोष्टीची नक्कल करताना वय आधी बघा.

---

तिसरामजला

बरोबर. आणि फुजीतून घ्यायचं असेल तर दुसरं घे. तेझुका दांपत्याची, टोकियोजवळ ताचिकावाची, २००७ ची. लंबगोल इमारत आणि छत हेच मैदान, मुलं गोल गोल पळत राहतात कारण त्याला शेवटच नाही. जुनी तीन झेल्कोवाची झाडं तोडली नाहीत, ती छतातून वर आलीत आणि खोडाभोवती जाळी लावलीय, मूल पडलं तर झेलायला आणि त्याहून जास्त म्हणजे उड्या मारायला. छताच्या कठड्याला उभ्या बारीक सळ्या आहेत, त्यातून पाय खाली सोडून मुलं ओळीने बसतात. तो कठडा मोठ्या माणसाने पडू नये एवढाच विचार करून काढला असता तर तसा झालाच नसता.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. सुरक्षितता म्हणजे एक उंच भिंत आणि एक वॉचमन असं नसतं, थर असतात. बाहेरची कड जाळीची आणि झुडपांची, कोणालाही दिसणारी. मग मैदान, लायब्ररी, हॉल हा भाग, जो संध्याकाळी वस्तीला मिळतो. मग एक कुलपाची रेषा, आणि तिच्या आत वर्ग. दिवसा बाहेरची गेटं ठरलेल्या वेळेलाच उघडतात, संध्याकाळी आतली रेषा बंद. म्हणजे हॉल आणि लायब्ररी रस्त्याजवळ हवी, त्यांना स्वतःचं टॉयलेट हवं, नाहीतर पाण्यासाठी आणि टॉयलेटसाठी वर्गांचा भाग उघडावाच लागतो आणि सगळी योजना तिथेच कोसळते. हे मी अनुभवाने सांगतोय.

कल्पना नवी नाही अजिबात. हेन्री मॉरिस नावाचा केंब्रिजशायरचा शिक्षण अधिकारी होता, त्याने व्हिलेज कॉलेज काढली, दिवसा शाळा आणि संध्याकाळी गावाचं वाचनालय, सभा, प्रौढांचे वर्ग. पहिलं सॉस्टनला १९३० मधे, आणि इंपिंग्टनचं १९३९ मधे, ते ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय या आर्किटेक्टांनी केलं. त्यात वर्गांची विंग वेगळी आणि हॉल-सार्वजनिक भाग वेगळा, प्लॅनमधे बोट ठेवून दाखवता येतं.

@भिंतीपलीकडे तुमच्यासाठी एक. अ‍ॅम्स्टरडॅममधे यान डायकरची ओपन एअर स्कूल, १९३०. ती घरांच्या ब्लॉकच्या आतल्या अंगणात आहे, चारी बाजूंनी लोकांच्या मागच्या खिडक्या, आणि वर्गांना उघड्या गच्च्या. म्हणजे जिला मागची बाजूच नाही अशी शाळा. पेन्सिलचोर, तुझ्या तीन बाजूंना घरं आहेत, ही नक्की बघ.

---

खडीवाळू

साईट इंजिनियर आहे, डिझाईनमधलं काही कळत नाही असं आर्किटेक्ट सांगतात, तरी चार गोष्टी.

अ‍ॅट्रियम. सगळ्यांनी आवाज काढला, मी धूर काढतो. मधे उघडं, भोवती मजले, म्हणजे चिमणी. शिकागोला १ डिसेंबर १९५८ ला अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेत आग तळघरात जिन्याच्या पायथ्याशी लागली, खालच्या मजल्यावर जिन्याला दार होतं म्हणून तिथली मुलं वाचली, वरच्या मजल्यावर दार नव्हतं, धूर सरळ पॅसेजमधे गेला. ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या. एक दार नव्हतं. त्यामुळे जिने दोन, एकमेकांपासून लांब, दोन्ही थेट बाहेर निघणारे, आणि मजल्यांना जोडणारं मोठं भोक टाळता येत असेल तर टाळ. उंच जागा हवीच असेल तर हॉलला दे, एकाच मजल्यावर. पायरी १५ सेंटीमीटरच्या वर नको, कठड्याला दुसरी खालची दांडी लहान मुलांसाठी. रॅम्प १:१२, आणि तो मुख्य दारातून जाऊ दे, मागच्या कचऱ्याच्या डब्याशेजारून नको, व्हीलचेअरवालं मूल पण त्याच शाळेत येतंय.

पाणी. आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकायची हौस असते. इमारत आणि पेव्हर मिळून ५,००० चौरस मीटर कडक जमीन धरली आणि तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर २५० घनमीटर, म्हणजे अडीच लाख लिटर पाणी एका तासात, ते जाणार कुठे, तर वरच्या @भिंतीपलीकडे यांच्या गल्लीत. पॅरिसमधे शाळांच्या अंगणातलं डांबर उखडून माती, झाडं, पाणी पिणारी जमीन करायचं काम चालू आहे, ओअ‍ॅसिस नाव आहे त्या योजनेचं, २०१७ च्या सुमाराला ठरली. उन्हाळ्यातला तापही कमी होतो. मैदान आजूबाजूपेक्षा अर्धा फूट खाली ठेव, मोठ्या पावसात तासभर पाणी त्यात थांबेल, मुलं खूश आणि ड्रेनेजपण खूश. उतार १:१०० पुरतो.

छत. वरच्या मजल्यावरचे वर्ग दुपारी भट्टी होतात. फ्रान्सिस केरेची गांडोची शाळा बघ, बुर्किना फासो, २००१. वर्गावर विटांचं छत आणि त्याच्या वर मोकळी जागा सोडून पत्रा, लोखंडी सळ्यांच्या कैच्यांवर उचललेला. ऊन पत्रा खातो, मधून वारा गरम हवा घेऊन जातो. पत्र्याला बाहेर भरपूर लांब पडवी आहे त्यामुळे मातीच्या भिंतींना पाऊस लागत नाही. एसी नाही काही नाही. त्या माणसाला २०२२ मधे प्रित्झकर हे आर्किटेक्चरचं मोठं बक्षीस मिळालं, पण साईटवाल्याला कळणारं ते डिटेल आहे, बक्षीस बाजूला ठेव.

हवा खेळायला दोन्ही बाजूंना खिडक्या हव्यात, म्हणजे पॅसेजच्या एकाच बाजूला वर्ग. एकाच बाजूने उघडा वर्ग उंचीच्या दोन-अडीच पटीपर्यंतच खोल चालतो, आरपार असेल तर पाच पटीपर्यंत. खर्च थोडा वाढतो, पॅसेज जास्त होतो, पण पॅसेज तीन मीटर केलास तर तीच मुलांची जागा.

आणि झाडं. ड्रॉइंगवर हिरवे गोल काढून "एक्झिस्टिंग ट्री" लिहिता तुम्ही, आणि साईटवर जेसीबी त्याच झाडाखाली पार्क होतो कारण तिथे सावली असते. माती दबते, मुळं गुदमरतात, झाड उद्घाटनाला हिरवं असतं आणि दोन वर्षांनी वाळतं. पहिल्या दिवशी, मार्किंगच्या आधी, फांद्यांच्या घेराएवढं कुंपण. ड्रॉइंगवर लिही ते.

---

पेन्सिलचोर

आठवडाभर गायब होते, माफी. सगळं परत काढलं.

अ‍ॅट्रियम गेलं. दोन मजली, एकाच बाजूला वर्ग असलेल्या तीन आडव्या पट्ट्या केल्या, त्यांच्यामधे अंगणं, खालच्या प्रत्येक वर्गाला दार थेट अंगणात. लायब्ररी आणि हॉल रस्त्याला लागून, स्वतःच्या टॉयलेटसकट, आणि त्यांच्या मागे कुलपाची रेषा. मैदान उत्तर-दक्षिण लांब, सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यात जाऊ नये म्हणून, आणि गोलपोस्ट घरांकडे नाहीत @भिंतीपलीकडे. माईक आणि एसीचे डबे हॉलच्या छतावर रस्त्याच्या बाजूला. ड्रॉप-ऑफचं वळण पुसलं तेव्हा हात थरथरला पण त्या जागेत गेटबाहेरचा कट्टा आणि पाच झाडं आली. काचेची भिंत फक्त लायब्ररीला उरलीय, ती ठेवू द्या, प्लीज.

सरांनी परत तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं सिल उचलाव्या लागतील, बेसिनं काढावी लागतील, अंगणांची दारं बुजवावी लागतील, आणि गेटबाहेर कोणी थांबणार नाही. ते "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे बरंच असतं.

एकच अडलंय. मागच्या गल्लीतलं पायी यायचं छोटं गेट. ज्युरी म्हणणार तिथे लक्ष कोण ठेवणार, प्रत्येक गेटला वॉचमन परवडत नाही.

---

भिंतीपलीकडे

जाळी करा, आम्ही आहोतच. आई परत खुर्ची टाकेल.

---

खडूडस्टर

आईंना सलाम, पण ज्युरी तेवढ्यावर मानणार नाही. स्टाफरूम त्या बाजूला हलवा. सगळेजण स्टाफरूम मेन गेटवर प्रिन्सिपलच्या शेजारी ठेवतात, आम्हाला तिथे काही काम नसतं. मागच्या गेटसमोर खाली स्टाफरूम, रुंद खिडकी, सकाळी पाऊण तास आणि सुटताना पाऊण तास आम्ही तसेही तिथेच वह्या घेऊन बसलेलो असतो, येणारं प्रत्येक मूल दिसेल आणि कोण रडत आलंय तेही कळेल. गेट त्याच वेळांना उघडं, बाकी बंद, आतून उघडणारं.

आणि त्या स्टाफरूममधे कपाटं. विसरू नका.